आई-बाबांना शारजाला नेतोय, अबुधाबीची गाइडवाली सहल घ्यावी का?

दिग्रसचा_वायरमन
नमस्कार मंडळी. मी शारजात इलेक्ट्रिशियन आहे, सध्या सुट्टीवर गावी. नोव्हेंबरात परत जाताना आई-बाबांना पंधरा दिवस सोबत नेतोय. तिथं मला सुट्टी फक्त सोमवारी. सकाळी बसनं नेतात, हिंदी बोलणारा गाइड असतो, रात्री आणून सोडतात, तशी सहल पाहतोय. तिघांचे मिळून 350 दिऱ्हम, त्यावर एक फुटका नाही. बाबांचा गुडघा दुखतो, आईला गाडी लागते. कोणाचा अनुभव?

संत्रा_वरुड
आम्ही गेल्या साली जावयाकडे गेलतो. बसफस काही नाही, जावयानं मोठी गाडीच लावली. बुर्ज खलिफाच्या 148 व्या मजल्यावर नेलं, वर खायला-प्यायला वेगळं. तुम्हीही तेच करा. मायबाप काय रोज रोज येतात का?

दिग्रसचा_वायरमन
दादा, 350. तिघांचे.

पऱ्हाटी
नोव्हेंबरात काहून नेतं बे मायबापाले? वेचणी कोन करन?

दिग्रसचा_वायरमन
वावर यंदा मक्त्यानं दिलं हो भाऊ.

पऱ्हाटी
मंग जाजो बाप्पा. पन मक्ता काय भावानं देल्ला ते सांग.

वणीची_काकू
आम्ही दोघं अशाच बसनं गेलो होतो. नाव घेत नाही, पण चांगली खोड मोडली. आधी अत्तराच्या दुकानात पाऊण तास, मग खजुराच्या दुकानात. गाइड स्वतः आत जाऊन चहा पीत बसला. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत पोचलो तर म्हणे चाळीस मिनिटांत परत या. एवढी मोठी जागा, 82 घुमट, खाली हातानं विणलेला अखंड गालिचा, आणि आम्ही नुसते पळतोय. पैसे भरायच्या आधी विचारा, दुकानं किती आणि आत वेळ किती.

मास्तर_आर्वी
शेख झायेद मशिदीत प्रवेश फुकट आहे, ऑनलाइन वेळ तेवढी आधी घ्यावी लागते. मग गाइडला पैसे कशाचे? आईंना पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि डोक्यावरून पदर. म्हाताऱ्या माणसांना बॅटरीच्या गाडीतून नेतात, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न मिटला. येताना अबू मुरेखाचं हिंदू मंदिर करा. 14 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. राजस्थानचा गुलाबी दगड, सात अमिरातींची सात शिखरं.

संत्रा_वरुड
मंदिर आम्हीही केलं. जावयानं गाडी अगदी दारापर्यंत नेली.

लोणारकर
मास्तर, मंदिर सोमवारी बंद असतं. यांची सुट्टीच सोमवारची.

मास्तर_आर्वी
मग सुट्टी बदलून घ्यावी.

दिग्रसचा_वायरमन
सर, ती शाळा नाही.

पऱ्हाटी
तिथं ऊन लय म्हन्ते. आमच्या अकोल्यापुढं काय ऊन अन् काय!

लोणारकर
अकोल्याचं ऊन कोरडं. तिथं समुद्राचा दमटपणा, उन्हाळ्यात घाम वाळतच नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामच बंद ठेवतात. नोव्हेंबरात मात्र बरं असतं.

पऱ्हाटी
इथं कोन बंद ठेवते? मे महिन्यात नांगरटी करून पाय एकडाव.

सावजी_रस्सा
सहलीचं राहू द्या, आधी बॅगा तपासा. खसखस तिथं चालत नाही, दाणाही नाही. सावजी मसाल्यात असते, लक्षात राहत नाही. विड्याची पानंही नाहीत. बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असतील तर आताच सवय मोडा.

दिग्रसचा_वायरमन
बरं झालं सांगितलं! आईनं कालच दोन किलो मसाला कुटला, खसखस घालून. आता मावशीकडे देतो. खर्ऱ्याचं बाबांशी तुम्हीच बोला.

वणीची_काकू
आईला गाडी लागते ना? समोरची सीट मागा आणि आलेपाक जवळ ठेवा. आणि दुकानांचं विचारा हं, मी सांगितलं ते.

मास्तर_आर्वी
पुन्हा सांगतो, मशिदीत प्रवेश फुकट आहे.

दिग्रसचा_वायरमन
सगळ्यांचे आभार. रात्री ओसरीवर बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "इमारती पाहून मी काय करू? त्या रेतीत खजुराले पानी कुठून देतात ते दाखव." म्हणून अबुधाबी रद्द, अल ऐनला नेतो. तिथलं खजुराचं ओअॅसिस आहे, 2011 पासून युनेस्कोच्या यादीत. फलज म्हणतात अशा जुन्या पाटांनी पाणी खेळवतात, पार डोंगराकडून जमिनीखालून आणलेलं. दुबईच्या अल घुबैबाहून सरकारी बस आहे, माणशी 25 दिऱ्हमच्या आसपास. गाइड नाही. बाबाच आईला समजावून सांगतील. झाडांखाली सावली आहे, गुडघा दुखला की बसू.

मास्तर_आर्वी
एवढ्या दूर जाऊन पाट पाहणार?

पऱ्हाटी
पाहू द्या न मास्तर. वायरमन, पान्याची पाळी कशी लावतात ते बाबाले नीट इचारून इथं लिहिजो. अन् मक्त्याचं राह्यलंच.

संत्रा_वरुड
148 वा मजला राहून जाईल बरं तुमचा.