माधवराव सप्रे: एका माफीनाम्यावर सगळा माणूस तोलायचा का?

नागपूरकर:
दमोह जिल्ह्यातल्या पथरियात १८७१ साली जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले, पण उभा जन्म त्यांनी हिंदीला दिला. १९०० मध्ये पेंड्रासारख्या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' काढलं. टिळकांचा 'केसरी' हिंदी वाचकांपर्यंत पोचावा म्हणून १९०७ ला नागपुरात 'हिंदी केसरी' सुरू केला. पुढच्याच वर्षी राजद्रोहाखाली अटक झाली आणि काही महिन्यांत ते माफीनाम्यावर सही करून सुटले. आपल्याकडे सप्र्यांचा विषय निघाला की गाडी तिथेच अडते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

जुनी वही:
वाईट वाटून कसं चालेल? १९०८ हे साल कोणतं होतं ते पाहा. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे त्याच साली तुरुंगात गेले. 'हिंदी केसरी' वाचून पेटलेल्या पोरांना संपादकाच्या सहीनं काय वाटलं असेल? घरच्यांचा दबाव होता, मान्य. घरं सगळ्यांनाच होती.

चुलीपाशी:
सही चुकलीच. पण नंतरची अठरा वर्षं कुठे टाकायची? सुटल्यावर त्यांनी सत्कार घेतले नाहीत, माधुकरी मागून राहिले, दासबोधात बुडाले आणि तो हिंदीत आणला. ज्या टिळकांपायी अटक ओढवली, त्यांचं 'गीतारहस्य'ही हिंदीत नेलं ते यांनीच. १९२० ला जबलपूरहून 'कर्मवीर' निघालं त्यामागेही तेच होते. संपादक माखनलाल चतुर्वेदी. मोडलेला माणूस एवढं उभं करत नाही.

आणि १९०१ ची 'एक टोकरी भर मिट्टी' वाचा. हिंदीतली पहिली कथा हीच, असं मानणारे बरेच आहेत. तो वाद सोडा. जमीनदारानं विधवेची झोपडी बळकावलीय. नात जेवत नाही, आपल्या घरीच भाकर खाईन म्हणते. म्हणून म्हातारी चुलीसाठी तिथली टोपलीभर माती मागायला येते. टोपलीला जरा हात लावा, म्हणून जमीनदारालाच विनवते. त्याला ती उचलत नाही. म्हातारी विचारते, एक टोपली उचलवत नाही, मग या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहाल?

जुनी वही:
वाचली, आत्ताच. शेवटी जमीनदार त्या विधवेची क्षमा मागतो आणि झोपडी परत देतो. माझं दुखणं नेमकं तेच आहे. माफी अन्याय करणाऱ्यानं मागायची, हे सात वर्षं आधी ज्यांनी लिहिलं, त्यांनीच ती अन्याय करणाऱ्यापुढे मागितली.

नागपूरकर:
म्हणूनच तर ते पुढे दारोदार माधुकरी मागत फिरले, असं मला वाटतं. सरकारपुढे जे हरवलं ते त्यांनी लोकांपुढे फेडलं.

जुनी वही:
फेडलं असेल. दासबोधाचं ते भाषांतर मिळवून वाचणार आहे. सहीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.