‘नेम’ चुकतो, मोडतो आणि चालवलाही जातो

‘नेम’ हा शब्द संस्कृत ‘नियम’वरून आला, याविषयी शंका नाही; परंतु आजच्या मराठीत एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहिला, तर वाक्य बहुतेक वेळा बिघडते. वाहन डाव्या बाजूने चालवावे हा नियम आहे, त्याला कोणी नेम म्हणणार नाही. माझे आजोबा दिवेलागणीला हरिपाठ म्हणत, त्याला मात्र घरात कोणी नियम म्हटल्याचे मला आठवत नाही. तो त्यांचा नेम होता. नियम सर्वांसाठी घालून दिलेला असतो, नेम माणूस आपल्यापुरता धरतो.

पातंजल योगसूत्रांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या ५ गोष्टींना ‘नियम’ म्हटले आहे, आणि त्या सगळ्या माणसाने स्वतःच्या आचरणात आणायच्या आहेत. म्हणजे मूळ शब्दातला हा वैयक्तिक आचरणाचा अर्थ मराठीत तद्भव ‘नेम’कडे आला आणि तत्सम ‘नियम’कडे मुख्यतः कायदा, शिस्त, व्याकरण यांचा कारभार राहिला, असे मला वाटते. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठातही ‘नित्यनेम नामीं ते प्राणी दुर्लभ’ असा चरण आहे. तेथे ‘नेम’ काढून ‘नियम’ घातला, तर त्यातली ओढ निघून जाईल.

आमचे गाव फलटण तालुक्यात, म्हणजे माउलींच्या पालखीच्या वाटेवरच. आजोबा माळकरी होते. वर्षाच्या २४ एकादश्या, आषाढीची वारी आणि रोजचा हरिपाठ एवढाच त्यांचा नेम. पण सगळ्या घराचे वेळापत्रक त्यावर बेतलेले असे. संध्याकाळी ते शेतातून येत, हातपाय धुऊन कपाळाला बुक्का लावत आणि देवळीतल्या समईसमोर बसत. हरिपाठाची पोथी त्यांना लागत नसे, तरीही ती मांडीवर उघडी असे आणि न वाचताही त्यांचे बोट ओळींवरून सरकत राही. पाहुणा आला, तर आजी त्याला पाण्याचा तांब्या देऊन हळू आवाजात सांगे, “बसा जरा, त्यांचा नेम व्हायचाय.” हा ‘नेम होणे’ प्रयोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. येथे नेम म्हणजे निश्चय नव्हे, तर त्या दिवसाच्या वाट्याची प्रत्यक्ष कृती. सकाळी ‘नेम आहे’ आणि रात्री ‘नेम झाला’, अशा दोन्ही वाक्यांत तो शब्द सहज बसतो.

‘नेम’ आणि ‘नवस’ यांची गल्लत अनेकदा होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नवसाला अट असते: अमुक झाले, तर तमुक करीन. व्रताला बहुधा मुदत असते आणि शेवटी उद्यापन असते. चातुर्मासात बायका जे नेम धरतात, कोणी वांगे सोडते, कोणी गाईला घास दिल्यावाचून जेवत नाही, ते कार्तिकी एकादशीला सुटतात, म्हणून ते व्रताच्या जवळ जातात. नित्यनेमाला मात्र अटही नाही आणि उद्यापनही नाही. धाकट्या काकांना टायफॉइड झाला, तेव्हा शेजारच्या बाईंनी आजोबांना नवस बोलायला सुचवले. “माझा नेम आहे, तेवढा पुरे,” असे म्हणून ते समईसमोर बसले. मागणे मागायचे नाही, हे आम्हा नातवंडांना त्यांनी कधी शिकवले नाही. आम्ही ते पाहिले.

नेमबाजीतला ‘नेम’ आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ यातला ‘नेम’ हेही ‘ठरवून स्थिर केलेले’ या एकाच कल्पनेतून निघाले असावेत. ‘नेमका’, ‘नेमणे’, ‘नेमणूक’ ही त्याच घरातली माणसे. भरवशाच्या अर्थाने हा शब्द जवळजवळ नेहमी नकारासह येतो. ‘पावसाचा नेम आहे’ असे आपण म्हणत नाही.

क्रियापदांकडे पाहिले, तर अर्थाच्या छटा आणखी स्पष्ट होतात. नेम धरणे, घेणे, पाळणे हे सर्वपरिचित आहे. ‘मोडणे’ यात माणसाची इच्छा असते, ‘चुकणे’ यात परिस्थितीचा दोष असतो, आणि आजोबा या दोहोंत कसोशीने भेद करीत. ताप अंगात असताना ते उठू शकले नाहीत, तर ‘आज नेम चुकला’ म्हणत. ‘मोडला’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही.

आणखी एक क्रियापद ‘चालवणे’. वडिलांची वारी मुलाने चालवली, असे आमच्या भागात सर्रास म्हणतात, आणि नेमाबाबतही तोच प्रयोग होतो. आजोबांचे शेवटचे ३ महिने अंथरुणात गेले. वाचा क्षीण झाली होती. तेव्हा माझी आई, जिने माळ घातली नव्हती आणि जिचा एकादशीचा उपवासही नसे, दिवेलागणीला त्यांच्या उशाशी बसून पोथीत पाहून हरिपाठ म्हणू लागली. पहिल्या दिवशी ती दोनदा अडखळली आणि संपल्यावर म्हणाली, “मामंजी, आज तुमचा नेम चुकला.” त्यांनी मान हलवून नकार दिला आणि अगदी सावकाश म्हणाले, “झाला की. तू चालवलास.”