अर्धवट काम कमिट न करता मर्ज कसं करावं?

भुईचक्र: मंडळी, सल्ला हवाय. चार दिवस बिल छापायच्या कोडवर बसलोय, सात-आठ फायली उसवून ठेवल्यात. अजून धड चालत नाही म्हणून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) कमिट, म्हणजे पक्की नोंद, केलेलं नाही. आमच्या टीममधलीने कराचा हिशेब दुरुस्त करून मेनवर (सगळ्यांच्या मुख्य शाखेवर) टाकलाय, तो मला हवा. तिचे बदल माझ्यात मिसळायला गिट मर्ज मारलं तर म्हणतं, तुमचे बदल पुसले जातील, आधी कमिट करा नाहीतर स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा). काल मात्र हेच मर्ज मुकाट झालं होतं!

घाईगडबड: गिट रिसेट --हार्ड मारा, लगेच मर्ज होईल.

निवांत: होईल की, चार दिवसांचं काम पुसून! भुईचक्र, हे चुकूनही करू नका. जे ॲडही केलं नाही (कमिटसाठी गिटकडे दिलंही नाही) ते गिटकडे नसतंच, रीफ्लॉगमध्येही (गिटच्या जुन्या हालचालींच्या नोंदवहीत) मिळत नाही.
काल चाललं कारण आलेल्या बदलांत तुम्ही हात लावलेली एकही फाईल नव्हती. आज निदान एक सामाईक आहे.

टर्मिनलवाली मावशी: स्टॅश कर, मर्ज कर, मग स्टॅश पॉप करून बदल परत आण. नव्या फायली असतील तर -यू लाव, नाहीतर त्या स्टॅशमध्ये जात नाहीत. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) आला तरी घाबरू नकोस, स्टॅश यादीतून उडत नाही. गिट २.२७ पासून मर्जलाच --ऑटोस्टॅश देता येतं, मग हे सगळं तेच करतं.

निवांत: मावशी, बरोबर आहे, पण माझ्या स्टॅशच्या यादीत एकदा चौदा बिननावी गाठोडी निघाली. कुठल्यात काय, देव जाणे. मी तर सरळ आपल्या ब्रांचवर (स्वतःच्या वेगळ्या शाखेवर) ‘अर्धवट, चालत नाही’ असं लिहून कमिट करतो. मर्ज बिघडलं तर गिट मर्ज --अबॉर्ट, की जिथे होतो तिथे परत. कमिट न करता मर्ज केलं तर अबॉर्टला तुमचे बदल जसेच्या तसे परत आणता येतीलच असं नाही. शेवटी मेनवर नेताना स्क्वॅश करा (सगळी कमिटं एकात गुंडाळा), ते ‘अर्धवट’ कोणाला दिसत नाही.

टर्मिनलवाली मावशी: चौदा! अरे, स्टॅश पुश -एम लावून नाव द्यायला काय होतं?

भुईचक्र: कमिट करून मर्ज केलं. एकाच फाईलीत कॉन्फ्लिक्ट आला. पैसे रुपयात पूर्ण करायची ओळ दोघांनीही बदलली होती: मी कर लावायच्या आधी, तिने नंतर. तिचंच बरोबर होतं. तिची ठेवली.