प्रतिसाद: स्मेल, अरोमा, ओडर... सगळे सारखे कसे?

वर एकांनी लिहिलंय की इंग्रजीतल्या स्मेल, ओडर, अरोमा, फ्रेग्रन्स यांतला कोणताही वापरा, अर्थ 'वास'च. अजिबात पटलं नाही.

आमच्या नाशकात गंगापूर रोडला किंवा दिंडोरीकडे वाइन टेस्टिंगला जा. माहिती देणारा 'अरोमा' म्हणेल, 'स्मेल' सहसा नाही. वाइनच्या जुन्या परिभाषेत तर आणखी फोड आहे: द्राक्षातून येतो तो अरोमा, मुरल्यावर येतो तो बुके. (हो, फुलांच्या गुच्छाचाच शब्द.) हल्ली हा भेद सगळे पाळत नाहीत, पण कानावर दोन्ही पडतात. अरोमा खाण्यापिण्याला शोभतो, फ्रेग्रन्स फुलांना, साबणाला. मिसळीच्या तर्रीला 'फ्रेग्रन्स' म्हणालात तर आत साबण पडला की काय असं वाटेल!

ओडर रोजच्या बोलण्यात नाक मुरडणारा, शास्त्रात मात्र तटस्थ. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६४ साली 'पेट्रिकोर' नाव दिलं, त्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या लेखाच्या शीर्षकात 'ओडर'च आहे.

आणि स्मेलला विशेषण लावायला विसरू नका. नुसतं 'इट स्मेल्स' म्हणजे घाण वास येतोय. आपण 'भाजीला वास येतोय' म्हणतो, अगदी तसंच.

सेंट राहिलाच. पोलिसांचं कुत्रं ज्याच्या मागावर जातं तोही सेंट. आपल्याकडे मात्र तो अत्तराच्या बाटलीपुरताच उरलाय.