रूट कॅनाल करताना दाढेच्या मुळाला छिद्र पडले. शस्त्रक्रियेने दुरुस्ती करावी की दाढ काढावी?

शिरीषफूल (प्रश्न)

नमस्कार. माझे वय 43 आहे. डाव्या बाजूच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचे रूट कॅनाल गेल्या आठवड्यात सुरू झाले. दुसऱ्या सिटिंगला डॉक्टरांनी मुळाची नळी कोरडी करण्यासाठी कागदाची बारीक वात आत घातली आणि ती बाहेर काढली, तेव्हा रक्त टोकाला नव्हते. वातीच्या मध्यावर एका बाजूला लाल ओरखडा होता. त्यांनी काम तिथेच थांबवले, एक्सरे काढला आणि पुढच्या मुळाची मागची भिंत फाईलने (नळी साफ करण्याच्या बारीक सळईने) घासली जाऊन तिला छिद्र पडले आहे, हे स्वतःहून सांगितले. औषध घालून तात्पुरते सिमेंट भरले आहे. रूट कॅनालच्या तज्ज्ञांकडे जा, कदाचित हिरडी उघडून दुरुस्ती करावी लागेल, असा त्यांचा सल्ला आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र दाढ काढून इम्प्लांट करण्यास सांगितले. तिच्या मागची दाढ पूर्वीच काढलेली असल्यामुळे हीसुद्धा गमावण्याची माझी तयारी नाही. असे छिद्र खरोखर बुजते का, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया केव्हा करावी लागते?

दंतमूळ

ताई, मी याच विषयातील एमडीएस (दंतशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतलेला) आहे. एक्सरे पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही; परंतु आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की काही गोष्टी सांगता येतील. या दाढेचे पुढचे मूळ मागच्या बाजूला वळलेले असते आणि त्याच्या मागच्या अंगाला उभी खोलगट खाच असते. त्यामुळे तिथली भिंत मुळातच पातळ असते आणि वळणावर फाईल त्याच बाजूला अधिक घासते. परिणामी गोल भोक न पडता लांबट चीर पडते आणि म्हणूनच रक्त वातीच्या कडेला लागते.

दाढ वाचण्याची शक्यता छिद्र कोठे आहे, केवढे आहे आणि किती दिवस उघडे राहिले, यांवर ठरते. सर्वांत महत्त्व जागेला आहे. छिद्र हिरडीच्या कडेजवळ असेल, तर तोंडातले जंतू तिथपर्यंत सहज पोहोचतात आणि आजूबाजूचे हाड झिजू लागते. तेच छिद्र हाडात खोल असेल आणि ताजे असताना बंद केले, तर पुष्कळदा चांगले भरून येते.

ते बंद करण्यासाठी आज प्रामुख्याने एमटीए नावाचे सिमेंट वापरतात. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे सिमेंट पुढे आणले. त्याचा मोठा गुण असा, की ते ओलाव्यात घट्ट होते, आणि मुळाच्या छिद्रापाशी ओलावा तर कायमच असतो. मूळच्या एमटीएला घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात; म्हणून त्यावर ओला कापूस ठेवून पुष्कळदा पुढच्या खेपेला बोलावतात. बायोडेंटिन नावाचे त्याच कुळातले साहित्य याहून बरेच लवकर घट्ट होते.

आता शस्त्रक्रियेविषयी. आतून छिद्र गाठता येत नसेल, किंवा आतून बंद करूनही सूज आणि पू थांबत नसेल, तेव्हाच हिरडी उघडतात. आणि त्यासाठी छिद्र बाहेरून हाताला येणारे, म्हणजे गालाच्या किंवा ओठाच्या बाजूचे असावे लागते. आपले छिद्र दोन मुळांच्या मधल्या बाजूला दिसते. तिथे बाहेरून पोहोचायचे म्हणजे चांगले हाड बरेच कोरावे लागेल, आणि ज्याच्या आधारावर दाढ उभी आहे तेच हाड कोरणे मला पटत नाही. म्हणून आधी मायक्रोस्कोपखाली आतून दुरुस्ती करावी. ती अयशस्वी झालीच, तर ते एक मूळ त्यावरच्या भागासह काढून उरलेली अर्धी दाढ वाचवणे, किंवा दाढ अलगद काढून, तोंडाबाहेर काही मिनिटांत छिद्र बुजवून पुन्हा त्याच खोबणीत बसवणे, असे मार्ग आहेत. दाढ कायमची काढण्याचा निर्णय त्यानंतरचा आहे.

कोयरी

माझी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष झालेली आहे, म्हणून लिहिते. वरच्या पुढच्या दातात पोस्ट (कॅपला आधार देणारा मुळातला खिळा) बसवताना ड्रिल ओठाच्या बाजूने मुळाबाहेर गेले होते. आतून दुरुस्ती करूनही हिरडीवर तांदळाएवढी पुळी यायची, फुटायची आणि पुन्हा यायची. चार महिने वाट पाहून तज्ज्ञांनी हिरडी उघडली. भूल दिलेली असल्याने वेदना झाली नाही. केवळ हाडातून कवटीपर्यंत जाणारी थरथर जाणवत होती. सडलेला मऊ भाग खरवडून, बाहेर आलेले पोस्टचे टोक घासून त्यांनी छिद्र बंद केले आणि केसासारख्या निळ्या धाग्याने टाके घातले. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती. पाचव्या दिवशी टाके निघाले. हिरडी थोडी वर सरकली आणि त्या दातापाशी ती कायम तशीच राहिली. हे त्यांनी आधीच सांगितले होते, म्हणून मला फसवल्यासारखे वाटले नाही. आपणही शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा.

नदीकाठ

खर्चाची चिंता असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या विषयाचा विभाग आहे, तिथे चौकशी करावी. जाताना आधीचे सर्व एक्सरे आणि कोणते औषध भरले आहे याची चिठ्ठी घेऊन जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे चालू असतील, तर तेही आधी सांगावे. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

शिरीषफूल

सर्वांचे मनापासून आभार. आज तज्ज्ञांना भेटले. सीबीसीटी (त्रिमितीय एक्सरे) स्कॅनमध्ये चीर दोन मुळांच्या मधल्याच बाजूला, हाडाच्या आत दिसली. खुणा असलेल्या बारीक सळईने त्यांनी दाढ आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली सभोवती मोजली; सगळीकडे 2 ते 3 मिलिमीटर भरली. याचा अर्थ काय? आतून दुरुस्ती परवा ठरली आहे.

दंतमूळ

हे आकडे निरोगी हिरडीचे आहेत. म्हणजे तोंडातून त्या छिद्रापर्यंत अद्याप वाट झालेली नाही. परवाची तारीख पुढे ढकलू नका. दुरुस्तीनंतर पक्के फिलिंग आणि कॅप यांना उशीर झाला, तर वरून गळती होऊन केलेले काम वाया जाऊ शकते. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्सरे काढताना हिरडीही याच सळईने पुन्हा मोजून घ्या, आणि आजचे आकडे लिहून ठेवा. मुळांच्या फाट्यापाशी एकाच जागी सळई अचानक खोल गेली, तर दुखत नसले तरी लगेच तज्ज्ञांना दाखवा.