पोकलेनची बकेट डंपरच्या हौद्यातून आरपार जाते: हालचाल कशी बसवावी?

प्रश्न
नमस्कार. खोदकाम आणि मातीवाहतुकीचे घटनाधारित सिम्युलेशन (कामाची एकेका घटनेच्या वेळेनुसार संगणकावर केलेली नक्कल) मी तयार केले आहे. त्यातून डंपरची प्रत्येक भरणी कधी सुरू झाली आणि कधी संपली, एवढेच कळते. मधली हालचाल मला त्रिमितीय दृश्यात दाखवायची आहे. बूम (यंत्राला जोडलेला मोठा हात), आर्म (त्यापुढचा हात), बकेट आणि वरचा फिरता भाग यांचे पहिले व शेवटचे कोन देऊन मधले कोन समप्रमाणात काढले, तर बकेट हौद्याच्या भिंतीतून आरपार जाते आणि हायड्रॉलिक सिलिंडरचे दांडे पिनेपासून (सांध्याच्या खिळीपासून) सुटलेले दिसतात. काय चुकते आहे?

उत्तर १
आपण कोनांपासून सुरुवात केली आहे. ती बकेटच्या पिनेच्या जागेपासून करावी. पिनेचा मार्ग आधी आखावा आणि कोन त्यावरून काढावेत. समजा, बूम ५.७ मीटर व आर्म २.९ मीटर आहे आणि बूमच्या मुळापासून बकेटची पिन ७ मीटरवर हवी आहे, तर कोसाइनच्या नियमाने बूम व आर्म यांच्यातील कोन सुमारे १०४ अंश येतो. ८.६ मीटरच्या पलीकडे उत्तरच निघत नाही, कारण यंत्राचा हात तिथे पोहोचत नाही.

चालक बूम उचलता उचलताच वळतो, म्हणून या दोन हालचाली एकमेकींत मिसळू द्याव्यात. मात्र हौद्याची कड येण्यापूर्वी बकेटचा तळ तिच्या वर गेलेला असावा. सिलिंडरचे नळकांडे आणि दांडा यांना स्वतंत्र कोन देऊ नयेत. प्रत्येकाने समोरच्याच्या पिनेकडे तोंड करून राहावे, म्हणजे लांबी आपोआप ठरते.

उत्तर २
वेळेकडेही लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. यंत्राचे एक आवर्तन २० सेकंदांचे असताना सिम्युलेशनने ४० सेकंद दिले, तर पुष्कळ जण हालचाल ताणून निम्म्या वेगाने दाखवतात. दृश्य गुळगुळीत दिसते, पण डंपर मागे घेण्यात किंवा वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात लपून जातो. यंत्र आपल्या गतीनेच चालावे आणि उरलेला वेळ ते थांबलेले दिसावे. विनीत कामत आणि हुलिओ मार्टिनेझ या संशोधकांच्या व्हिटास्कोप या सिम्युलेशन त्रिमितीय दृश्यात दाखवणाऱ्या प्रणालीमागेही सिम्युलेशनमधील चुका दृश्यातून पकडता याव्यात, हाच हेतू होता.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. बकेट आता कडेवरून नीट जाते. सिलिंडर पिनांना जोडल्यावर मात्र वेगळीच गोष्ट लक्षात आली: खड्ड्याच्या यंत्राजवळच्या कोपऱ्यात आर्मच्या सिलिंडरचा दांडा नळकांड्यातून पूर्ण बाहेर येऊन हवेत तरंगत होता. तेवढ्या लांबीचा दांडा त्या यंत्रात नाहीच. मी पोकलेन एकाच जागी उभे ठेवून सगळा खड्डा खोदत होतो. आता यंत्र मागे सरकवण्याची क्रिया मूळ सिम्युलेशनमध्येच घालत आहे, त्यामुळे भरणीच्या वेळाही बदलतील.