मदत हवी आहे: १९८२ ते १९९२ मधलं नाशिक आठवतंय का कुणाला?

नमस्कार मंडळी. आपली नगरपालिका १८६४ सालची. सातपूर, नाशिकरोड-देवळाली आणि आसपासची गावं जोडून १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, पण पहिली निवडणूक थेट १९९२ मध्ये! मधली दहा वर्षं प्रशासकच. २०२२ नंतर पुन्हा तेच अनुभवलं, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाही: नगरसेवकच नसताना नळाचं, गटारीचं गाऱ्हाणं लोक कुणाकडे नेत? आमचे आजोबा सातपूरचे, त्यांना विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा पालिकेत नोकरीला असलेलं कुणी घरात असेल तर कृपया विचाराल का? जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सभेची इतिवृत्तं, काहीही चालेल. शाळेतल्या मुलांसाठी टिपण करतेय.